नियम ४१ बाबत खुलासा मिळावा

सोमवार, ५ फेब्रुवारी

नियमपुस्तकाच्या लेखिकेस,

हे पत्र फक्त नियम ४१ पुरतं आहे. दुसरं काही विचारायचं नाही आणि सांगायचं तर मुळीच नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्ता तुझ्या त्या दंतवैद्य मैत्रिणीकडून काढला. काढला म्हणजे अक्षरशः काढला. अक्कलदाढही याहून लवकर निघते.

तर प्रसंग असा. आपल्या रविवारच्या खेळात एक नवा भिडू आलाय. विम्याचा सर्वेक्षक आहे. कुणाची गाडी ठोकली, कुणाचं घर जळलं की हा टेप घेऊन जातो, मोजमाप करतो आणि 'हे नुकसान आधीचेच दिसते' असं लिहून येतो. वाचायचा चष्मा करायला दुकानात आला होता. डोळे तपासायला मागच्या खोलीत नेला, तर टेबलावर नकाशा पसरलेला. म्हणाला, हे काय? म्हटलं, खेळ आहे. एक सूत्रधार गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात, आणि पुढे काय होईल ते कुणालाच ठाऊक नसलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. त्याने विचारलं, नियम लेखी आहेत का? मी मोठ्या तोऱ्यात तुझं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा.

आठ दिवसांत त्याने एकशेबारा पानं वाचली आणि सत्तेचाळीस शंका टाइप करून आणल्या. सेहेचाळीस मी परतवून लावल्या. कशा ते विचारू नकोस, आवाज चढवला की निम्म्या शंका आपोआप मिटतात. सत्तेचाळिसावी मात्र घशात अडकली आहे.

तुला आठवत नसेल म्हणून नियम ४१ उतरवून देते. 'पाषाणीची नजर पडून दगड झालेला सोबती मेलेला नसतो. त्याला टाकून जाऊ नये. शाप उतरवण्यासाठी त्याने एकदम तीन फासे टाकावेत; बेरीज चाळिसाच्या वर गेल्यास तो पुन्हा माणूस होतो.' बस्स. आता ज्या शिळेचा खेळाडूच उठून गेलाय, तिचे फासे कुणी टाकायचे? किती वर्षं वाट बघायची? पुस्तक मूग गिळून गप्प.

खेळातलं तुझं पात्र, ती वाटाडी, तीन वर्षं दगड होऊन आमच्या हातगाड्यावर आडवी पडली आहे. नियमाने टाकता येत नाही, नियमाने उठवता येत नाही. आणि सगळ्या टोळीत वाट माहीत असलेली ती एकटीच, त्यामुळे तीन वर्षं आम्ही एकाच दलदलीत फिरतोय. दर चार रविवारी तेच वठलेलं झाड येतं. तुझे भावजी बुटक्याच्या वेषात गाडा ओढतात. त्यामुळे आपली खरी पाठ धरली आहे असं त्यांचं म्हणणं आहे.

गेल्या महिन्यात चुकून आम्ही दलदलीतून बाहेर पडलो आणि समोर दोरांचा पूल. पुढचं सगळं जग पुलापलीकडे. सर्वेक्षकाने लगेच लेखी ठराव मांडला: शिळेचं वजन पुलाला झेपणार नाही, शिळेला खेळाडू नाही, सबब शिळा अलीकडेच ठेवून पुढे जावे. मी म्हटलं, लेखिका जिवंत आहे, तिला विचारते. एकतीस मार्चच्या रविवारपर्यंत मुदत मिळाली आहे. तोवर तुझं उत्तर आलं नाही तर मतदान होईल आणि वाटाडी कायमची तिथेच राहील.

मला ते चालणार नाही. हे सूत्रधार म्हणून लिहितेय, बहीण म्हणून नव्हे.

– सूत्रधार


सोमवार, २६ फेब्रुवारी

नियमपुस्तकाच्या लेखिकेस,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. टपाल तुझ्या गावाला पाच दिवसांत पोचतं, हे मी खिडकीवरच्या बाईला दोनदा विचारून घेतलं. दुसऱ्यांदा ती चिडली.

दरम्यान सर्वेक्षकाने शिळेचं वजन काढलं. त्याची पद्धत अशी, की मूळ व्यक्तीचं वजन घ्यायचं आणि दगडासाठी त्याला पावणेतीनने गुणायचं. मूळ व्यक्ती कोण, तर वाटाडी. वाटाडी कोण, तर तू. मग टेबलावर तुझ्या वजनाची चर्चा झाली. आपली जादूगार, म्हणजे तुझी मैत्रीण, म्हणाली, पंचावन्न. भावजी म्हणाले, साठ तरी. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, तर पंचावन्न झाले. म्हणजे दगडाचे दीडशे किलो. भावजी पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तरीच!"

तू त्या वेळी ही चर्चा ऐकायला हवी होतीस, असं वाटून गेलं. लिहिण्याच्या ओघात आलं, सोडून दे.

मैत्रिणीकडून हेही कळलं की तू तिकडे यंत्रांची माहितीपुस्तकं लिहितेस. कपडे धुण्याचं यंत्र, पाणी तापवण्याचं यंत्र. 'दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत थांबा', 'दिवा हिरवा झाल्यावरच कळ दाबा'. ज्या बाईला अनोळखी माणसाच्या धुण्याची इतकी काळजी, तिला सख्ख्या माणसांसाठी 'खेळाडू नसल्यास काय करावे' ही एक ओळ लिहिता येऊ नये? नाचता येईना, अंगण वाकडं म्हणत नाही मी. पण नियम ४१ वाकडा आहे हे तूही मान्य करशील.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारचं उगाळायची मला हौस नाही. पण सर्वेक्षकाने सगळं विचारून घेतलं, म्हणून नोंदीसाठी लिहिते. नियम ४०: पाषाणीने पाहिल्यास सूत्रधाराने फासा टाकावा, तेरा किंवा अधिक आल्यास समोरचा दगड होतो. मी फासा टाकला. सतरा. तू दगड झालीस. तू म्हणालीस, "फासा दाखव." मी तो उचलला, कारण सूत्रधाराचा फासा पडद्याआड असतो, कुणाला दाखवायचा नसतो. हा नियम ३, आणि तो तूच लिहिला आहेस. माझा पडदा म्हणजे तोच, फ्रेमा लावायचा जुना पुठ्ठ्याचा स्टँड. तो अजून आहे. तू उठून गेलीस आणि पंधरा दिवसांनी देशच सोडलास. एका फाशावरून माणसं इतकं मनाला लावून घेतात हे मला आजही कळत नाही.

पाच आठवडे उरले.

– सूत्रधार


सोमवार, ११ मार्च

लेखिकेस,

काल एक भलतंच घडलं. तुझ्या कानावर मैत्रिणीकडून तिखटमीठ लावून जाईल, त्यापेक्षा माझ्याकडून गेलेलं बरं.

सर्वेक्षक म्हणाला, शिळेचं पुढे काय करायचं हे ठरवण्याआधी ती शिळा झाली कशी याची कागदपत्रं बघू. त्याच्या धंद्यात तसंच करतात. मी म्हटलं, कागदपत्रं कसली, इथे काय खून पडलाय? तेव्हा लघुलेखक काका खाकरले.

काका तुला आठवतात. कोर्टात चाळीस वर्षं साक्षी उतरवून घेतल्या. निवृत्त झाल्यावर हाताला चैन पडेना, म्हणून आपल्या खेळातला शब्दन् शब्द लघुलिपीत टिपून ठेवतात. एकोणीस वह्या झाल्या आहेत. खेळात ते योद्धा आहेत, पण तलवार क्वचित काढतात, कारण हात लिहिण्यात गुंतलेला असतो. त्या वह्या त्यांच्याशिवाय कुणालाच वाचता येत नाहीत, त्यामुळे मी निर्धास्त होते.

निर्धास्त म्हणजे, काळजीचं काही कारण नव्हतं अशा अर्थाने.

काकांनी सहावी वही काढली आणि कोर्टातल्या सपाट आवाजात वाचलं. "सूत्रधारांनी पडद्याआड फासा टाकला. सूत्रधारांनी सतरा असे सांगितले. सूत्रधारांनी फासा लगेच उचलला."

सर्वेक्षकाची पेन्सिल थांबली. "काका, बाकी सगळीकडे तुम्ही 'बारा पडले', 'नऊ पडले' असं लिहिलंय. इथे 'असे सांगितले' का?"

काका म्हणाले, "जे पाहिलं ते पडलं म्हणून लिहितो. जे नुसतं ऐकलं ते सांगितलं म्हणून लिहितो. कोर्टाची सवय."

"म्हणजे तुम्ही पाहिलं नाही."

"मी असं म्हणालो का?" काका म्हणाले, आणि वही मिटली. चहा आला म्हणून विषय तिथेच राहिला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. सर्वेक्षकाच्या मनात, म्हणायचं होतं मला. तो चहा पिताना सारखा माझ्याकडे बघत होता.

सगळे गेल्यावर काका मागे रेंगाळले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. (शंभर वेळा सांगितलंय, सदऱ्याला पुसू नका.) मग म्हणाले, "ताई, मी तुमच्या डाव्या हाताला बसतो. तिथून पडद्यामागचं दिसतं बरं का. आधी नसतं दिसलं. पण तुम्ही नंबर इतका अचूक काढून दिलात, की फाशावरचा आकडासुद्धा स्वच्छ दिसतो." आणि छत्री घेऊन गेले.

तीस वर्षं चष्मे करतेय. चांगल्या कामाचं असं फळ पहिल्यांदाच मिळालं.

यावरून तू कसलाही निष्कर्ष काढू नयेस. उत्तर पाठव.

– सूत्रधार


शुक्रवार, २२ मार्च

भिंगरी,

पाच.

पाच पडला होता. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार?

ही ओळ लिहायला मला अकरा दिवस लागले. मध्ये दोन पत्रं लिहून फाडली. एकात सगळा दोष पुठ्ठ्याच्या स्टँडवर ढकलला होता, दुसऱ्यात भावजींवर.

त्या रविवारी तू उशिरा आलीस. ओली चप्पल दारात काढलीस, खुर्ची ओढलीस, आणि तुझी खेळी यायच्या आधी, बिस्किटांची बशी पुढे सरकव म्हणावं त्या आवाजात म्हणालीस, "आणि हो, मला तिकडची नोकरी लागली. पंधरा तारखेला निघते." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुझी मैत्रीण म्हणाली, "अगं, मग त्या घराचं जमलं का?" म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं. घर कुठलं, रस्ता कुठला, सगळं. आणि मला चार माणसांत, दोन खेळ्यांच्या मधे.

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तुझ्या शाळेतल्या पालकांच्या सभेला बाविसाव्या वर्षी मी जाऊन बसले. तुझ्या पहिल्या चष्म्याच्या काचा मी स्वतः घासल्या, दोनदा फोडल्या, तिसऱ्यांदा बसल्या. उपकार म्हणून हे सांगत नाही. सांगतेय ते अशासाठी की त्या क्षणी मला हे सगळं एकदम आठवलं, आणि माझी खेळी होती.

मी पाषाणी आणली. ती त्या दिवशी गोष्टीत नव्हतीच. तिची गुहा चार रविवार पुढे होती. आणली, तुझ्याकडे बघायला लावली, फासा टाकला आणि पाच पडला. मी सतरा म्हटलं. तू म्हणालीस, दाखव. मी फासा मुठीत घेतला आणि सगळ्यांसमोर तुला म्हटलं, "रडीचा डाव खेळू नकोस." रडीचा डाव मी खेळले होते. नाव तुझं घेतलं.

मी सगळ्यांना सांगते की मला राग आला होता. राग नव्हता. मी घाबरले होते. मला वाटलं, दगड झालीस तर निदान टेबलावर तरी राहशील.

'जाऊ नकोस' म्हणण्याचा अधिकार मला नव्हता, हे तेव्हाही कळत होतं. 'मला करमणार नाही' एवढं म्हणता आलं असतं. त्याला कुठला नियम आड येत नव्हता.

तू निघालीस त्या सकाळी मी दुकान उघडलं आणि एका म्हाताऱ्या बाईंना खालच्या ओळी वाचायला लावल्या. त्या म्हणाल्या, "पोरी, मला दिसतंय, तूच फळ्याकडे बघत नाहीयेस."

मुदत रविवारी नाही, पुढच्या रविवारी संपते. नियम ४१ राहू दे. तू कशी आहेस तेवढं कळव. नाही कळवलंस तरी समजेन.

– ताई


सोमवार, १ एप्रिल

भिंगरी,

काल मतदान व्हायचं होतं. मी पडदा बाजूला ठेवला आणि त्याआधी सांगून टाकलं. पाच पडला, सतरा सांगितला, तीन वर्षं झाली.

पहिल्यांदा भावजी बोलले. "म्हणजे गाडा ओढायची गरजच नव्हती?" पाठीवर हात ठेवून ते इतके दुःखी दिसत होते की मला हसू आलं. मग रडू आलं. मग त्यांनीच रुमाल दिला, तो नकाशा पुसायचा निघाला, आणि माझ्या गालावर निम्मी दलदल उतरली.

तुझी मैत्रीण म्हणाली, "निघताना तिने मला सांगितलं होतं, ताईने लबाडी केली. मी म्हटलं, ताई असं कधी करणार नाही. आम्ही त्यावरून भांडलो." तीन वर्षं ती माझ्या बाजूने तुझ्याशी भांडली आहे, हे मला माहीतच नव्हतं. तिला उगाच दूषणं दिली. पहिल्या पत्रातला अक्कलदाढेचा विनोद मागे घेते.

काकांनी एवढंच विचारलं, "हे लिहून घेऊ?" मी म्हटलं, घ्या. त्यांनी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं: "पाच पडले."

सर्वेक्षक इतका वेळ पुस्तक चाळत होता. म्हणाला, "मॅडम, सूत्रधाराने फासा खोटा सांगितल्यास काय, याला नियमच नाही. लेखिकेला ती शक्यता सुचलेलीच दिसत नाही." हे वाक्य तो सहज बोलला. मला ते जिव्हारी लागलं.

मग तो उभा राहिला. "पण पाच पडला असेल तर ही शिळा नाही. ही विनाकारण डांबून ठेवलेली व्यक्ती आहे. व्यक्तीला पुलाअलीकडे टाकून जाता येणार नाही." आणि त्याने स्वतःचा ठराव स्वतः फाडला. मी त्याच्याबद्दल फार वाईट लिहिलंय. त्याचा चष्माही मी मुद्दाम आठवडाभर उशिरा दिला होता.

पुढे व्हायचा तो गोंधळ झालाच. शिळा खोटी तर त्यानंतरचं सगळंच खोटं का? तुझ्या मैत्रिणीच्या जादूगाराला दुसऱ्या वर्षी उडणारा घोडा मिळालाय, ती तो परत द्यायला तयार नाही. काकांच्या तेरा वह्या रद्द होतील. शेवटी ठरलं, लेखिकेचा खुलासा येईपर्यंत पुलाजवळ तळ टाकायचा. वाटाडीच्या गाड्यावर घोंगडी घालायची असं भावजींनी सुचवलं. दगडाला थंडी वाजते का, याला नियम नाही, तरी घातली.

आणि मला सूत्रधारपदावरून काढलं. एकमताने. मीही हात वर केला. आता भावजी सूत्रधार आहेत. काल त्यांनी गोष्टीची सुरुवात केली आणि एका दाराचं वर्णन करण्यात पाऊण तास घालवला. तळ उघड्या माळावर आहे. दार कशाचं, ते विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

– ताई


मंगळवार, १६ एप्रिल

भिंगरी,

तुझं पाकीट आलं. हातात घेतलं तेव्हा दुकानात एक गिऱ्हाईक नाकावर फ्रेम लावून उभं होतं. त्याला तसंच सोडून मी मागच्या खोलीत गेले.

एकच कागद. छापील. वर 'प्रिय ताई' नाही, खाली सही नाही. 'नियमपुस्तकाचे शुद्धिपत्र, क्रमांक एक.' मी रविवारी ते टेबलावर मोठ्याने वाचलं.

'नियम ४१, सुधारित: शाप उतरवण्याचे फासे शिळेच्या खेळाडूने स्वतः, टेबलाशी बसून टाकावेत. बदली व्यक्ती चालणार नाही. मुदत नाही.'

'नियम ४१ (अ): शिळेचे वजन एकशे वीस किलो धरावे. मूळ व्यक्तीचे वजन कुणाला विचारू नये.' इथे सर्वेक्षकाने गुणाकार उलटा करून पाहिला. मी त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

'नियम ३ (अ), नवीन: सूत्रधाराने फासा खोटा सांगितला असल्यास मधल्या काळातला खेळ रद्द होत नाही. मात्र सूत्रधाराने तो फासा, ज्याच्यावर टाकला होता त्याच्यासमोर, पडद्याविना, पुन्हा टाकावा. पत्राने, फोनने किंवा साक्षीदारामार्फत टाकलेला फासा धरला जाणार नाही. फासा काय पडेल ते दोघांना बांधील राहील.'

घोडा वाचला म्हणून तुझी मैत्रीण नाचली. काकांनी सगळं उतरवून घेतलं. मी मात्र कागद उलटा केला, तेव्हा मागे पेनाने लिहिलेलं दिसलं. विमानतळावरून कुठली बस, कुठल्या थांब्यावर उतरायचं, कितवा मजला. आणि शेवटी, 'लिफ्टचं दार जोरात ओढायला लागतं.'

मी आजवर विमानात बसले नाही, आणि तीस वर्षांत दुकान सलग दोन दिवस बंद ठेवलेलं नाही, हे तुला माहीत आहे. म्हणूनच हा नियम केलास, हेही मला माहीत आहे. दाराबाहेर लावायची पाटी आत्ताच रंगवून ठेवली आहे: 'नियमाच्या खुलाशासाठी बाहेरगावी. आठ दिवस बंद.'

तेरा मेला सकाळी पोचते.

– ताई


सोमवार, १३ मे
तुझ्या स्वयंपाकघरातून

भिंगरी,

तू कामावर गेलीस. मी तुझ्याच खुर्चीत बसून तुला पत्र लिहितेय, याला वेड म्हण, पण तीन महिन्यांत सवय लागली आहे. आणि सकाळी आपण धड काही बोललोच नाही.

तू दार उघडलंस. किती वेळा मनात ठरवलं होतं काय म्हणायचं ते. तोंडातून निघालं, "तुझ्या चष्म्याच्या दांड्या वाकड्या झाल्यात." तू म्हणालीस, "आधी फासा." एका पायात बूट, एक हातात, बसला दहा मिनिटं. मी पिशवी खाली न ठेवताच फासा काढला. एका हातात पिशवी, त्यामुळे टाकायची गरजच पडली नाही, आपोआप सुटला. साखरेच्या डब्यावर आपटला, टेबलावरून उडाला आणि गडगडत गेला फ्रीजखाली.

मी म्हटलं, पुन्हा टाकते. तू म्हणालीस, अजिबात नाही, पडला तो पडला. मी म्हटलं, जमिनीवरचा धरत नाहीत. तू म्हणालीस, कुठे लिहिलंय? मी म्हटलं, तेच तर! कुठेच लिहिलेलं नाहीये! एकशेबारा पानांत हेही लिहायचं सुचलं नाही का तुला? तू म्हणालीस, लोक फासा टेबलावर टाकतात असं मी गृहीत धरलं होतं. मग माझा आवाज चढला, तुझाही चढला, शेजाऱ्यांनी भिंतीवर ठकठक केलं, आणि तुझी बस गेली. तीन वर्षांत मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

मी म्हटलं, निदान बघू तरी काय पडलाय. तू घड्याळ पाहिलंस. "साडेपाचला येते. दोघी मिळून फ्रीज सरकवू. तोवर हात लावायचा नाही." जिन्यापर्यंत गेलीस, परत आलीस आणि म्हणालीस, "वाकून बघायचंही नाही." आणि गेलीस. स्वयंपाकघराला कुलूपसुद्धा घातलं नाहीस.

आता पावणेतीन झालेत. भांडी घासली. तुझ्या दांड्या सरळ करायला हाताशी चष्मा नाही, म्हणून तुझ्या जुन्या गॉगलचे स्क्रू आवळले. कपडे धुण्याचं यंत्र लावलं, दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत थांबले. हिरवा दिवा लागला. पुस्तक खरंच छान लिहिलंयस.

विजेरी दुसऱ्या खणात सापडली. मी ती शोधत नव्हते, चमचे शोधत होते. परत ठेवली.

खरं सांगू, फासा काय पडलाय याची मला आता फार चिंता नाही. तेरा किंवा वर असेल तर वाटाडी खरोखरच दगड होईल, आणि तुला टेबलाशी येऊन तीन फासे टाकावे लागतील. तेराखाली असेल तर ती गाड्यावरून उठेल, आणि तिला कुणीतरी येऊन चालवावं लागेल. दोन्हीकडून तुला यावं लागतं. हे तू नियम लिहितानाच पाहिलं होतंस, की मला आत्ता सुचतंय, ते संध्याकाळी सांग.

पण ते नंतरचं. तू सकाळी मला फाशाजवळ एकटीला सोडून गेलीस. मला. यावरूनच दोनदा रडून झालंय माझं.

खुर्ची फ्रीजकडे पाठ करून मांडली आहे. लवकर ये.

– ताई